बेंबळा धरणात लपवलेले तीन सुरुंग

"काका, माझ्यासाठी तीन सुरुंग लपवाल का?" पुतणीने, ऋचाने, फोनवर विचारलं आणि सहल तिथेच ठरली.

मी मूळचा राळेगावचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नौदलात भरती झाल्यावर, आणि पुढची बावीस वर्षं पाणसुरुंग शोधणारा पाणबुड्या म्हणून काढली. जहाजं फोडायला पाण्याखाली पेरलेले हे स्फोटक गोळे गढूळ पाण्यात हातांनी चाचपून शोधावे लागत. अशाच एका कामात माझा जोडीदार कायमचा बहिरा झाला. आता निवृत्त होऊन नागपुरात राहतो. ऋचाची इथे चौघांची छोटी कंपनी आहे. हेच काम माणसाविना, आपलं आपण करणारी पाणबुडी ते बनवतात. दीड महिन्याने नौदलाच्या अधिकाऱ्यांपुढे तिची परीक्षा होती. त्याआधी गढूळ आणि संथ पाणी हवं, म्हणून मी बेंबळा धरण सुचवलं. मनात मात्र म्हणत होतो, यंत्राला काय जमणार!

नागपूरहून वर्धा, देवळी करत कळंबला पोचायला अडीच-तीन तास लागतात. रस्ता झकास, दोन्हीकडे फुटलेला कापूस. जीपच्या मागे गोधडीत गुंडाळलेली पाणबुडी. कळंबला चिंतामणीचं दर्शन चुकवू नका. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. जन्मभर खालीच उतरत आलेल्या माणसाला हा देव जवळचा वाटला. बाहेर तर्री-पोहे खाल्ले. ऋचाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने दुसरी प्लेट मागितली.

मुक्कामाच्या लॉजच्या अंगणात पाणबुडी टाकीत बुडवून तपासली, तर मोटरीच्या दांड्यापाशी बुडबुडे! पाणी आत शिरू न देणारं सील प्रवासात गेलं होतं. ऋचाचा चेहरा उतरला. लॉजवाल्याने विहिरीचे पंप दुरुस्त करणाऱ्या रफिकभाईंकडे पाठवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पाण्यात चालणारी मोटर हाय ना? मंग कायले घाबरता, ताई? आपलं तं रोजचंच काम हाय."

त्यांनी शेतातल्या पंपाचं सील घासून-तासून बसवलं. बुडबुडे थांबले. पैसे विचारले तर म्हणाले, "मले फक्त हे पाण्यात जाताना पाहू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद करून ते आमच्या जीपमध्ये हजर!

धरणावर जाणार असाल तर पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आधी काढा. आम्ही महिनाभर आधी काढली होती. मासेमारी करणारे देवरावभाऊ आपली होडी घेऊन थांबले होते. त्यांचं जुनं गाव याच पाण्याखाली गेलेलं. देवरावभाऊ आणि मी मिळून सिमेंट भरलेले तीन ड्रम सुरुंग म्हणून पाण्यात सोडले. ऋचा पाठ करून बसली होती. तिसरा मी मुद्दाम मऊ गाळावर सोडला, अर्धा रुतेल असा. मी सुरुंग पेरला असता तर असाच पेरला असता.

पाणबुडी सुटली. तासाभराने आपली आपण काठाशी आली तेव्हा रफिकभाईंनी टाळ्याच वाजवल्या. आवाजाच्या लहरींनी काढलेली चित्रं पडद्यावर उमटली. तीन खुणा होत्या. दोन ड्रम बरोबर. तिसरी खूण भलत्याच जागी.

"हे आपलं नाही," मी म्हणालो.

नसलेला सुरुंग दाखवला आणि असलेला सुटला! देवरावभाऊ पडद्यावर वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"अवं, हे तं आमच्या गोठ्यातलं टाकं हाय! म्हशी पाणी पेत यात. लहानपणी मी यातच डुंबलोय." मग काठावर चुलीपाशी बसलेल्या बायकोला हाक मारली, "इकडं ये वं, आपलं टाकं दिसून राह्यलं!"

दोघं एकमेकांना बोटाने दाखवत होते: इथं चूल, इथं बाभूळ. हसता हसता वहिनींनी पदराने डोळे पुसले.

"तिसरा कुठे आहे ते सांगू?" मी ऋचाला विचारलं.

"काका, अजिबात नाही!"

तिने पाणबुडीला तळाच्या आणखी जवळून, संथ जायला शिकवलं आणि पुन्हा सोडलं. दुपार झाली. वहिनींनी मरळ माशाचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या. आम्ही पंगतीला बसलो. पाणबुडी परतली, ऋचा उष्ट्या हाताने पडद्याकडे धावली. गाळातून डोकावणारी अर्धी कड आणि तिची सावली.

"हाच ना?"

"हाच," मी म्हणालो. "मला याला दोन दिवस लागले असते, पोरी."

ती किंचाळलीच. रफिकभाई म्हणाले, "सील आमचं हाय, ध्यानात ठेवा!"

परीक्षा पार पडली, ऋचा पास झाली. धरणावरून घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, काय आणलंस? रश्शाची चव अजून जिभेवर आहे, ते सांगितलं. दुसरं सांगायला जरा वेळ लागला. कुणी पाण्याखाली गेलं की काठावर माझ्या घशाखाली कधी घोट उतरला नव्हता. त्या दुपारी मी तीन भाकरी खाल्ल्या. खाली कुणाचंच माणूस नव्हतं.