गाडी हाय, डायवर न्हाई

शहरात मी तीस वर्षं बस चालवली. लागलो तेव्हा दुमजली गाड्या होत्या. स्टेअरिंग एवढं जड, की पहिला महिनाभर जेवताना घास उचलवत नव्हता. पुढं दुमजली गाड्या मोडीत गेल्या, लांबचे रूट तोडले आणि आमच्या डेपोत ठेकेदाराच्या गाड्या आल्या. गाडीबरोबर ड्रायव्हरही त्याचाच. आम्हा जुन्यांना बाकड्यावर बसवलं. शेवटची दोन वर्षं मी हजेरीची सही करायची आणि बसून राहायचं, एवढंच केलं.

रिटायर झालो आणि बायकोला घेऊन वडवणीजवळच्या आमच्या गावी आलो. तिला काचबिंदू. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दर महिन्याला डोळ्याचा दाब तपासायचा, गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा सकाळची बस गावातून थेट बीडला जायची. नंतर ती एक दिवसाआड झाली. मग बंदच. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नव्हती, आणि आम्ही पोचेपर्यंत दवाखान्यातली तपासणी संपलेली असायची. दोनदा तसेच माघारी आलो. तिसऱ्यांदा ती घरातून निघालीच नाही.

मी वडवणीच्या स्टँडवर गेलो. खिडकीत कंट्रोलर होता, माझ्या पोराच्या वयाचा.

"साहेब, आमची गाडी कावून बंद केली?"

"गाडी हाय, काका. डायवर न्हाई."

"मी हाय की. तीस वर्षं बसच चालवली."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हसला नाही, एवढं बरं केलं.

"वय काय तुमचं?"

सांगितलं.

"मग? अर्ज द्या, वर पाठवतो."

अर्ज दिला. नंतर आणखी तीन दिले, सरपंचाच्या सहीनं. प्रत्येकावर त्यानं पोचल्याचा शिक्का मारून दिला. गाडी आली नाही.

पावसाळा सरता सरता बायको उजव्या अंगाला दाराच्या चौकटीवर धडकायला लागली. भावकीतल्या एकाच्या हातापाया पडून त्याच्या मोटारीतून तिला बीडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात बघितलं आणि खुर्ची मागं सारली.

"उजवा डोळा गेला. एवढे महिने कुठं होता तुम्ही?"

बस नव्हती, असं सांगायला तोंड उघडलं, पण सांगितलं नाही. तीस वर्षांत किती माणसं मी वेळेवर दवाखान्याच्या दारात उतरवली असतील. ते आठवून स्वतःचीच चीड आली.

परतताना ती खिडकीशी बसली होती. बीड मागं पडल्यावर म्हणाली, "लई येळ लागला का हो आपल्याला?"

"व्हय," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यासाठी थेंब दिलेत, पुढच्या महिन्याची तारीखही दिलीय. भावकीतल्यानं या खेपेला गाडी जमणार नाही म्हणून कळवलंय.