धुळीची बाजू घेणारे इनास सर

माणिकपूरच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी प्रयोगशाळेतलं टेबल पुसायला गेलो, तर मागून आवाज आला, "जरा हळू. धूळ आपल्याहून वयाने मोठी आहे." हे रसायनशास्त्राचे इनास सर. घरी त्यांच्या पत्नी मार्थाबाई केरसुणी घेऊन आल्या, की सर पाय वर घेत आणि म्हणत, "झाड, पण मान ठेवून झाड."

१९८० सालाच्या आसपास त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं: ताऱ्यांमधल्या ढगांतली धूळ. विषय कुणाला कळेना, पण सरांचं मन मोडवेना, म्हणून सारा गाव आला.

"तिथे हायड्रोजनचे अणू एकेकटे भटकतात," सर म्हणाले. "दोघे भेटले तरी जुळत नाहीत. जुळताना ऊर्जा सुटते, ती घेणारं कुणी नसेल तर तीच त्यांना पुन्हा फेकून देते. दाखवतो. पावलू, जुजे, वर या."

हे सख्खे भाऊ. वाडीतल्या सामायिक विहिरीच्या पंपावरून त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. पण सरांना नाही कोण म्हणणार? दोघे आले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

"आता मी धुळीचा कण. माझे खांदे धरा आणि सरकत सरकत एकमेकांकडे या."

दोघे सरकले. बोटाला बोट लागलं आणि जुजे म्हणाला, "पंप आधी कुणी बंद केला, ते विचारा याला."

"माझी केळी वाळत होती तेव्हा तू कुठे होतास?" पावलू म्हणाला.

सर मध्ये तोंड घालायला गेले, तर दोघे एकदम त्यांच्यावर उखडले. "तुम्ही गप्प बसा सर, घरचं बोलणं चाललंय." या ओढाताणीत सरांच्या सदऱ्याची बाही उसवली. भाऊ भांडतच दाराबाहेर पडले, आणि ऐकायला अर्धा हॉल मागोमाग गेला.

सरांनी चष्मा सारखा केला. "जोडी जुळली की निघून जाते," ते उरलेल्यांना म्हणाले, "ताप कणाला राहतो." मार्थाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "आणि शिवायला बाही मला."

आठवड्याभरात पंप सुरू झाला. मी विचारलं, "सर, त्या दोघांना मुद्दाम बोलावलंत?"

"एकमेकांना इतकं टाळणारे अणू गावात दुसरे होते कुठे?"

पुढे सर गेले. मातीच्या वेळी फादरांनी "तू धूळ आहेस आणि धुळीतच परत जाशील" म्हटलं, तेव्हा मार्थाबाई रडता रडता माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "यांना हे ऐकून किती बरं वाटलं असतं."