दोष बॅरलचाच

सौदीतल्या राबिघच्या आमच्या रिफायनरीतले हे पुणेकर साहेब दर शुक्रवारी शूटिंग रेंजवर भेटतात. रायफलला खास बनवून घेतलेली बॅरल आहे, तरी गोळ्या कागदभर विखुरतात. मग साहेब निदान करत बसतात. एका शुक्रवारी बॅरलचं तोंड घासलेलं असतं, पुढच्या शुक्रवारी तिचा स्क्रू ढिला असतो, कधी काडतुसंच भिकार निघतात. ट्रिगर ओढताना साहेब डोळे गच्च मिटून घेतात, हे त्या निदानात कधीच येत नाही.

गेल्या शुक्रवारी मी तीच रायफल मागून घेतली आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका रियालच्या नाण्याखाली झाकली गेली. साहेबांनी कागद उन्हात धरून निरखला.

"टेक्निकली बोलायचं तर," ते म्हणाले, "बॅरल तापली की सुधारते, बघ."

रविवारी प्लँटमध्ये एका पंपाचं गळती रोखणारं सील फुटलं. पंप उघडून बघू, असं मी म्हटलं. साहेब खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

"उघडायचंय काय त्यात? ऑपरेटरची चूक. खलास!"

रत्नागिरीच्या त्या ऑपरेटरला कंपनी आता घरी पाठवतेय. साहेबांनी रायफलसाठी नवी बॅरल मागवलीय.