गळती वाढवणारे तात्या

सोलापूरच्या मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाहेर डांबर वितळत असायचं आणि धरणाच्या पोटातून तात्या बाहेर यायचे, अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि हातात बादली अशा थाटात. नव्या माणसाला वाटायचं, याचं डोकं फिरलंय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मग त्यांच्यामागून मी आत गेले आणि अर्ध्या तासात शिंकत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी मी घरून शाल नेली.

धरणाच्या भिंतीच्या आत, अगदी तळाशी, एक लांबलचक बोगदा असतो. त्याला गॅलरी म्हणतात. आमचं धरण जुनं, पायथ्याशी वीजघर, आणि गॅलरीच्या जमिनीत ओळीनं पाडलेली भोकं. भिंतीखालच्या खडकात मुरणारं पाणी या भोकांतून वर यावं आणि गटारानं वाहून जावं, अशी ती सोय. या पाण्याला कागदोपत्री गळती म्हणतात आणि ती मोजणं हे तात्यांचं काम. भोकाच्या नळीला मापटं लावायचं, घड्याळाकडं बघायचं, आकडा वहीत लिहायचा, पुढच्या भोकाकडं जायचं. तीसेक वर्षं त्यांनी हेच केलं. मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

गॅलरीत मोठ्यानं बोललं की आवाज घुमतो आणि काहीच कळत नाही, म्हणून तात्या हळू बोलत. पुढं ते बाहेरही तसंच बोलू लागले. मोहोळच्या बाजारात भाजीवाली तीन-तीनदा विचारायची, "काय म्हनला?" तात्या चौथ्यांदाही तेवढ्याच आवाजात सांगत. शेवटी ती अंदाजानं वांगी द्यायची. तात्यांच्या घरी वांगी फार व्हायची.

भोकांना नंबर होते, पण तात्यांच्या लेखी त्यांना स्वभाव होते. "सतरा नंबर तापट हाय," ते मला ओळख करून देत. "एकवीस लाजाळू हाय, पर रोज बोलतंय." एकदा पुतणीच्या लग्नाला ते वेळापूरला गेले होते. अक्षता पडल्या पडल्या मला त्यांचा फोन. मी विचारलं, "नवरी कशी आहे?" तात्या म्हणाले, "ती बरी हाय. एकवीसचं सांगा."

"गळतंय तवर भ्या न्हाय, म्याडम," हे त्यांचं नेहमीचं. "गळायचं थांबलं की मला हाक मारा." मी मान हलवायची. गळती जितकी कमी तितकं धरण चांगलं, एवढं साधं गणित कुणालाही कळतं, असं मला वाटायचं. माझे वडील गणिताचे मास्तर, त्यामुळे गणिताबद्दल माझा जरा जास्तच विश्वास होता.

पावसाळ्यापूर्वीचा अहवाल त्या वर्षी पहिल्यांदा मी लिहिला. आकडे मांडले तर गळती जवळपास निम्म्यावर आलेली. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गळतीत लक्षणीय घट. धरणाची स्थिती समाधानकारक.' साहेब खूश झाले. वरून कौतुकाचं पत्र आलं, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. फक्त तात्यांनी अहवालावर सही केली नाही.

"आकडं माजं हायती," ते म्हणाले. "समाधान माजं न्हाय."

मी चिडले. "तात्या, जन्मभर गळती मोजलीत. आता कमी झाली तर तुम्हाला वाईट वाटतंय का?"

त्यांनी कानाला मफलर गुंडाळला. मला गॅलरीत नेलं, हातात लोखंडी सळई दिली आणि म्हणाले, "एकवीसमदी घाला." सळई वीतभर आत गेली आणि अडली. बाहेर काढली तर टोकाला पांढरा चुना. भिंतीतला चुना पाण्याबरोबर उतरून वर्षानुवर्षं भोकात बसत गेला होता. सतरातही तेच, तेवीसमध्येही तेच.

"पानी कमी झालं न्हाय, वाट बुजली," तात्या म्हणाले. "तलाव हाय तेवढाच हाय की. मग पानी कुटं गेलं?" त्यांनी आमच्या पायांकडं बोट केलं. "हितं हाय. खालनं भिंत उचलाया बघतंय."

मग त्यांनी दाब दाखवणारा काटा दाखवला. वर्षभरात तो चढत गेला होता. ते आकडेही वहीत होते. मी ते अहवालात उतरवले होते, वाचले नव्हते. कुकरच्या शिट्टीत डाळीचा दाणा अडकावा आणि आपण म्हणावं, आज घरात किती शांतता आहे, तसा माझा अहवाल होता. महिन्याभरात पाऊस सुरू होणार होता, धरण भरणार होतं, आणि खाली माढ्याकडं नदीकाठच्या गावात तात्यांचं घर होतं. त्याच्या अलीकडं-पलीकडं आणखी किती गावं आहेत, ते मला नकाशावरून पाठ होतं.

त्या दुपारीच मी वर पत्र लिहिलं. घाबरलेला माणूस खरं लिहितो. मी विषय लिहिला, 'धरणाची गळती वाढविण्यास परवानगी मिळणेबाबत.' आठवड्यानं उत्तर आलं, 'गळती वाढविण्याची तरतूद आढळून येत नाही, सबब प्रस्ताव परत.' साहेब म्हणाले, "अहो, आपलं कौतुक होऊन पंधरा दिवस झाले नाहीत."

तात्यांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. "सफाई म्हना, म्याडम. सफाईला नगं म्हननारा सायेब म्या बघितला न्हाय."

गॅलरीच्या सफाईला चार दिवसांत मंजुरी मिळाली. मंजुरी देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर झाडू आणि फिनेल असणार. आम्ही ड्रिल मशीन आणलं. दहा दिवस काम चाललं, तात्यांच्या नोकरीचे ते शेवटचे दहा दिवस. एकेका भोकातून आधी पांढरा गाळ यायचा, मग पाणी. एकवीस नंबर मोकळं झालं तेव्हा पाणी गुडघाभर उसळलं आणि तात्या भिजले. "आलं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. काटा उतरत गेला, तो पूर्ण उतरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

निरोप समारंभात त्यांना शाल-नारळ मिळाला. त्यांनी दहा मिनिटं भाषण केलं. कुणाला ऐकू आलं नाही, टाळ्या मात्र पडल्या.

त्या वर्षी धरण काठोकाठ भरलं आणि दिवाळीनंतर पत्र आलं. सफाईच्या नावाखाली भोकं उकरून गळती दुप्पट करण्यास जबाबदार कोण, याचा खुलासा हवा होता. माझा परिविक्षेचा काळ अजून संपायचा होता, म्हणजे मला घरी पाठवायला एक ओळ पुरली असती. मी पत्र घेऊन तात्यांच्या गावी गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं, सुनेकडून पेन मागवलं आणि कोऱ्या कागदावर लिहिलं की मशीन मी लावलं, मॅडमना माहीत नव्हतं.

"तात्या, हे खोटं आहे."

"व्हय. मला आता कोन काढनार हाय?" ते म्हणाले. "तुमी तितं ऱ्हायला पायजे. तो काटा बघाया दुसरं कोन हाय?"

तो कागद मी तिथंच फाडायला हवा होता. मी त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली, चहा घेतला आणि शेवटची एस.टी. पकडली. त्याची लाज मला आजही वाटते.

मी नोकरीत कायम झाले. तात्यांचा खुलासा असमाधानकारक ठरला आणि चौकशी लागली. ती संपायच्या आत थंडीत छातीचं निमित्त होऊन तात्या गेले. त्यांच्या दहाव्याला मी नदीकाठी उभी होते आणि मला कुणाच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

महिन्यानं फाइल माझ्या टेबलावर आली. शेवटची ओळ होती, 'संबंधित कर्मचारी दोषी. सदर कर्मचारी मयत असल्याने प्रकरण बंद करण्यात यावे.' खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती. मी पुष्कळ वेळ पेन घेऊन बसले. मग लिहिलं, 'भोके माझ्या आदेशाने उघडली. खुलासा मला वाचवण्यासाठी दिलेला होता. स्थिती समाधानकारक असल्याचा अहवाल चुकीचा होता व तो मी लिहिला होता. गळती वाढली म्हणून दाब उतरला. सोबत दाबाच्या नोंदी. सदर कर्मचाऱ्याने हे वेळीच दाखवले नसते तर आपण सर्वजण दोषी ठरलो असतो.' साहेबांनी ते वाचलं आणि कळवळून म्हणाले, "अहो, बंद होत होतं की."

आता चौकशी माझी चालू आहे. दोन-तीन महिन्यांनी बोलावणं येतं. परवा गेले होते. धरण यंदाही भरलंय, वाटेत तात्यांच्या अंगणात सुनेनं शेंगा वाळत घातलेल्या दिसल्या. समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, गळती पूर्वीसारखी कमी करण्यासाठी आपण काय उपाययोजना केली?

मी म्हणाले, काही नाही. मी तिथं आहे तोवर करणारही नाही.

त्यांनी ते लिहून घेतलं.