पचमढीची रपेट

सुधाचं माहेर ग्वाल्हेरचं. लग्न होऊन ती भोपाळला आली तेव्हा शंकर भेलच्या कारखान्यात टेक्निशियन होता आणि बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये एकटाच राहायचा. तो मूळचा सांगलीकडचा, त्यामुळे सुरुवातीला तिच्या मराठीला हसायचा. "तू 'मी येऊन राहिले' म्हणतेस ना, ते ऐकलं की वाटतं, ही पोचणार तरी कधी?" तीही हसायची. अरेरा कॉलनीतल्या एका बालवाडीत तिला नोकरी लागली. मग निनाद झाला, आणि दोन वर्षांनी जुई.

निनाद उशिराच चालायला लागला, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. गुटगुटीत बाळं उशिरा चालतात, असं शेजारच्या बायका म्हणाल्या. पळायला मात्र तो कधी शिकलाच नाही. क्वार्टरसमोरच्या मैदानात पोरं पकडापकडी खेळायची, तेव्हा हा त्यांच्यामागून डुलत डुलत, झपाझप चालत जायचा आणि पडायचा. शंकरला राग यायचा. आईने लाडावून ठेवलाय, अंगात आळस भरलाय, असं त्याचं मत होतं. आणि संध्याकाळी आंघोळ घालताना हाच शंकर पोराच्या पोटऱ्या हातात धरून म्हणायचा, "बघ गं सुधा, पैलवानाच्या पोटऱ्या आहेत. फक्त धीर नाही याच्यात."

निनादला घोड्यांचं भारी वेड. वरातीतली घोडी दिसली की तो रस्त्यातच उभा राहायचा. तो सहा वर्षांचा आणि जुई चार वर्षांची असताना, दिवाळीच्या सुट्टीत शंकरने पचमढीचा बेत ठरवला. "तिथे डोंगरात घोडे असतात. याला बसवू. एकदा भीती मोडली की बघ कसा पळायला लागतो."

हबीबगंजहून गाडीने पिपरिया, तिथून जीपने घाट. जुईला घाटात उलट्या झाल्या. निनाद खिडकीला नाक लावून, "घोडे कुठे आहेत? अजून कितना दूर?" एवढंच विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी होती. सालवृक्षांमधून एक मातीची वाट टेकडीच्या कडेपर्यंत जात होती आणि वाटेच्या तोंडाशी घोडेवाले उभे होते. शंकरने दोन बुटकी तट्टं ठरवली, एक तांबूस, एक पांढरं. जुईला उचलून बसवलं तेव्हा तिने आधी भोकाड पसरलं, मग तट्टू चालायला लागल्याबरोबर खदखदून हसायला लागली. निनाद पांढऱ्यावर बसला. त्याला वर घेताना शंकर म्हणाला, "अरे, थोडा स्वतःही चढ ना." तो चढला नाही. पोत्यासारखा उचलूनच बसवावा लागला.

"बाबू, घुटने चिपका के बैठो," घोडेवाला म्हणाला. तो वयस्क, शांत माणूस होता. पण निनादचे गुडघे बाहेरच फाकत होते. त्याने दोनदा ते दाबून दिले, मग एका हातात लगाम धरला आणि दुसऱ्या हाताने पोराची मांडी धरून चालू लागला.

वाट सपाट होती. घोडेवाल्याने चाल वाढवली आणि पांढरं तट्टू जुईच्या तट्टाला मागे टाकून पुढे गेलं. निनादने मान वळवून मागे पाहिलं. जुई मागे होती, आईबाबाही मागे होते. आजवर तो कुणाच्याच पुढे गेला नव्हता.

"आई, मी पळतोय!" तो ओरडला. "जुई, तू मागे आहेस! देख, मैं भाग रहा हूँ!"

त्याच्या आवाजाने सुधाच्या डोळ्यांत पाणी आलं. शंकरने तिच्याकडे असं पाहिलं, की बघ, मी म्हणत नव्हतो?

पुढे वाटेला चढ लागला. तट्टाने अंग पुढे ओढलं आणि निनाद हळूहळू एका बाजूला घसरत गेला. घोडेवाल्याने त्याला झेललं आणि गवतावर अलगद ठेवलं. कुठे खरचटलंसुद्धा नाही. तो माणूस त्याला उचलायला वाकला, तेवढ्यात शंकर पोचला.

"रहने दो भैया. उठेल तो. निनाद, उठ, बेटा. लागलं नाही काही."

घरात निनाद पलंगाला, भिंतीला, आईच्या ओढणीला धरून उठायचा. इथे धरायला काही नव्हतं. तो आधी पालथा झाला. मग हात आणि पाय जमिनीवर टेकून ढुंगण वर केलं. मग एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर, मग दोन्ही हात मांड्यांवरून वर सरकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा तो उभा राहिला.

"शाब्बास!" शंकरने टाळ्या वाजवल्या.

सुधा वाटेच्या कडेला एका दगडावर बसली.

असं उठताना तिने अगोदर एकालाच पाहिलं होतं. पिंटू, तिचा धाकटा भाऊ. ती दहाएक वर्षांची असेल, तो सहाचा. ग्वाल्हेरच्या घराच्या अंगणात तो असाच मांड्यांवर हात चढवत उभा राहायचा आणि मुलं त्याला 'म्हातारा' म्हणायची. पुढे तो पायऱ्या चढेनासा झाला. पुढे बसूनच राहिला. मग त्याची पाठ वाकडी झाली, हात उचलेनात, भाताचा घास सुधा त्याच्या तोंडात घालायची. सतरा वर्षांचा असताना एका हिवाळ्यात साध्या खोकल्याने तो गेला. घरात त्याच्या आजाराला नाव नव्हतं. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात पायांतलं बळ गेलं, असं वडील सांगायचे. सुधानेही तेच धरून ठेवलं होतं. ताप निनादला कधी आलाच नव्हता, म्हणून तिला कधी शंकाही आली नव्हती.

"काय गं, काय झालं?" शंकरने विचारलं.

"चक्कर आली जरा."

निनाद तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "आई, परत बसू? प्लीज?"

"बस," ती म्हणाली. "हवं तेवढं बस."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तो म्हणेल तितक्या वेळा तिने त्याला घोड्यावर बसवलं. ती स्वतः त्याची मांडी धरून शेजारून चालत राहिली. शंकर म्हणत होता, एवढं पुरे आता, पोराला सवय लागेल. तिने ऐकलं नाही.

भोपाळला परतल्यावर तिने शंकरला पिंटूबद्दल सगळं सांगितलं आणि निनादला घेऊन दोघं डॉक्टरकडे गेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, नमुना बाहेरगावी गेला. आजाराचं नाव लांबलचक होतं, डॉक्टरांनी ते दोनदा सांगितलं. स्नायू हळूहळू विरत जातात. पोटऱ्या जाड दिसतात, त्या ताकदीने नव्हे, चरबीने. शंकर आपल्या हातांकडे बघत बसला.

"औषध?" त्याने विचारलं.

"वेग थोडा कमी करता येईल. थांबवता नाही येणार."

"आणि हे येतं कुठून?"

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक वेळा आईकडून. यात आईचा काही दोष नसतो."

घरी येऊन सुधाने आईला फोन लावला. सुशीलाबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या, ग्वाल्हेरला एकट्याच राहत होत्या.

"आई, पिंटूला काय झालं होतं, खरं सांग."

त्या म्हणाल्या, "मला कुठे कुणी नाव सांगितलं, बाई? हा जगणार नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले."

"तुझ्या माहेरी कुणी होतं असं?"

"माझा एक मावसभाऊ होता. तो बसूनच असायचा." आणि एकदम त्यांचा आवाज फुटला. "निनाद उठतो का गं नीट? सुधा? उठतो ना?"

सुधाने फोन ठेवला.

शंकरने तिला कधी बोल लावला नाही. सासरची माणसं पाठीमागे बोलली असतील, तो बोलला नाही. पण तो आशेला लागला आणि सुधाला त्याच्याबरोबर जाता आलं नाही. कुणी विदिशाकडचा वैद्य सांगितला, शंकर तेलं घेऊन आला. कुणी मुंबईचे डॉक्टर सांगितले, शंकर रजा काढून पोराला घेऊन गेला. मोबाइलवर परदेशातल्या नव्या औषधांच्या बातम्या वाचायचा आणि चहा गाळणाऱ्या सुधाला मोठ्याने ऐकवायचा. ती "हं" म्हणायची. एकदा तो चिडला.

"तुला वाटतच नाही का, की हा बरा व्हावा?"

"वाटतं."

"मग अशी दगडासारखी का असतेस?"

"मी हे सगळं एकदा बघितलंय, शंकर. पुढे काय येतं, मला माहीत आहे."

"पिंटूच्या वेळी औषधं नव्हती."

"आता तरी कुठे आहेत?"

त्यानंतर दोघांनी हा विषय काढला नाही. गोळ्या वेळेवर दिल्या, व्यायाम करून घेतले, पायाला पट्टे बांधले. तरी जे यायचं ते येतच गेलं. नवव्या वर्षी निनादच्या पायऱ्या सुटल्या. शाळेने वर्ग खाली आणला. दहाव्या वर्षी चाकाची खुर्ची आली. सुधाने बालवाडी सोडली. दुसऱ्यांच्या चार वर्षांच्या पोरांना घसरगुंडीच्या शिडीवर सरासरा चढताना पाहणं तिला जमेना, हेही एक कारण होतं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

खुर्ची आल्यानंतरच्या हिवाळ्यात शंकरने पुन्हा पचमढीचं काढलं. निनादलाही जायचंच होतं. या वेळी मोठा घोडा घेतला. शंकर आधी स्वतः बसला, दोन माणसांनी निनादला वर दिलं, शंकरने त्याला पुढ्यात घेऊन छातीशी घट्ट धरलं. थोडं अंतर गेल्यावर निनादची मान पुढे लोंबायला लागली. प्रत्येक पावलागणिक त्याचं डोकं हिंदकळत होतं.

"मजा येतेय ना?" शंकर विचारत होता. "बघ, खाली दरी दिसतेय. दिसतेय ना?"

"बाबा, उतरवा," निनाद म्हणाला. "दुखतंय."

उतरवल्यावर तो सुधाला हळूच म्हणाला, "बाबांना सांग, मला आवडलं." तो दहा वर्षांचा होता. सुधाने जाऊन शंकरला ते सांगितलं. शंकर घोडेवाल्याकडे पाठ करून उभा होता. तो वळला नाही.

आता निनाद तेरा वर्षांचा आहे. पाठ वाकायला लागली आहे, चमचा तोंडापर्यंत नेताना दुसऱ्या हाताने कोपराला आधार द्यावा लागतो. शाळा घरूनच चालते. शंकर कामावरून येतो, पोराला आंघोळ घालतो, त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलतो. बातम्या वाचून दाखवणं त्याने बंद केलं आहे. सुधाला वाटलं होतं, तो थांबला की आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट घरात त्या गोष्टीची वाट पाहणारी आता दोन माणसं झाली.

जुई अकरा वर्षांची झाली. पळण्यात ती शाळेत पहिली येते आणि मिळालेलं मेडल दप्तरातच ठेवते, घरी दाखवत नाही. परवा दुपारी ती स्वयंपाकघरात आली. सुधा कणीक मळत होती.

"आई, दादाचं आजारपण मला पण होईल का?"

"नाही. मुलींना होत नाही ते."

"पक्का?"

"पक्का."

जुई ओट्याला टेकून उभी राहिली. "पिंटूमामाला होतं ना? मग तुला का नाही झालं?"

"सांगितलं ना, मुलींना होत नाही."

जुईला तेवढं पुरलं. ती फ्रिजमधून पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली. तिला झाला नाही, तरी तिच्याकडून हा आजार पुढे तिच्या मुलांत जाऊ शकतो का, याची तपासणी अजून केलेली नाही. डॉक्टर म्हणाले होते, तिला मोठी होऊ द्या, मग तिचं तिला ठरवू द्या. तोवर हे तिला सांगायचं की नाही, सांगायचं तर कुठल्या शब्दांत, हे सुधाला ठरवता आलेलं नाही. शंकरशी ती एकदाच यावर बोलली, तर तो म्हणाला, "तिला तरी राहू दे गं."

खोलीतून निनादने हाक मारली. कूस बदलायची होती. सुधाने हात धुतले आणि ती आत गेली.