विधानात नसलेलं

माझी मुलगी नेहा बँकेच्या परीक्षेची तयारी करते. मी भाजी निवडायला बसले की ती मला प्रश्न वाचून दाखवते. एक विधान दिलेलं असतं आणि बोलणाऱ्याने न सांगता काय गृहीत धरलंय, ते ओळखायचं असतं. आजचं विधान होतं, ‘येताना दूध घेऊन ये.’

मी म्हणाले, “घरातलं दूध नासलंय.”

ती हसली. “आई, ते तुझ्या मनातलं. गृहीत एवढंच, की दुकान उघडं असेल.”

खरंच, न बोललेल्या किती गोष्टींवर आपण आपली वाक्यं टेकवून ठेवतो. ‘संध्याकाळी भेटू’ म्हणताना, संध्याकाळी आपण दोघंही असू, हे कोण कशाला बोलून दाखवेल?

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. तिथल्या बाई नेहमीपेक्षा गोड बोलल्या. “तुमचा रिपोर्ट आलाय. उद्या याल तेव्हा घरातलं कुणीतरी सोबत आणा.”

मेथीची काडी हातात तशीच राहिली. मी ते वाक्य नेहाला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, “यात काय गृहीत धरलंय गं?”

तिने पेनाला टोपण लावलं. ते तुझ्या मनातलं, असं या वेळी ती म्हणाली नाही.