यजमानाची ओंजळ

कल्याणीत गाळ साचायला वर्षं लागतात. किस्से साचायला पंचांची एक मीटिंग पुरते! शिवाय गाळ उपसून बाहेर टाकता येतो, किस्से घरी आणावे लागतात, आणि घरी बायको म्हणते, "हे मागच्या आठवड्यात सांगून झालंय."

म्हणून आता तुम्हाला सांगतो.

आधी ओळख. आम्ही म्हैसूरचे रंगारी. वाडवडील कापडं रंगवायचे, छापायचे. आता आमच्यातले कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी सॉफ्टवेअरमध्ये. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो, म्हणजे मी फक्त कागद रंगवले. धंदा गेला, पण रंगारी पंच राहिले, आणि बन्नूर रस्त्याकडची आमची कल्याणी राहिली. कल्याणी म्हणजे चारी बाजूंनी दगडी पायऱ्या असलेली पुष्करणी. तिची राखण पंचांनी करायची. पंचांच्या प्रमुखाला यजमान म्हणतात. त्यानं दर युगादीला, म्हणजे तुमच्या पाडव्याला, सगळ्यांसमोर शेवटच्या पायरीवर उतरून कल्याणीतलं ओंजळभर पाणी प्यायचं.

कशासाठी? तर रंगारी पाणी नासवतात अशी लोकांची तक्रार होती. तेव्हाचा यजमान रागाच्या भरात म्हणाला म्हणे, "पहिली ओंजळ मी पितो, मग तर झालं?" तो बोलून गेला. त्याच्या मागून आलेले सगळे पीत बसलेत!

नियमाला एक शेपूटही आहे. ज्या वर्षी यजमान पिणार नाही, त्या वर्षापासून त्या जागेचं काय वाटेल ते करायला पंच मोकळे. काय वाटेल ते म्हणजे काय, हे आमचे सेक्रेटरी तुकोजीराव यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. कल्याणीला लागून पंचांचं लग्नाचं कार्यालय आहे. इथे त्याला छत्र म्हणतात. छत्राला पार्किंग नाही. तुकोजीराव काठावर उभे राहिले की त्यांना पाणी दिसतच नाही, ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या दिसतात.

* * *

मी यजमान झालो ती मीटिंग ऐका. मागचे यजमान युगादीला खरोखर प्यायले का, यावर वाद चालला होता. त्यांच्या मिशा भरघोस. ओंजळ तोंडाशी गेली, मिशा ओल्या झाल्या, पुढचं कोणाला दिसलं नाही. तब्येतीचं कारण सांगून त्यांनी पद सोडलं.

"मग नवीन यजमान कोण?" तुकोजीरावांनी विचारलं.

सगळे एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. मी नेमका, कॉफी येते का म्हणून दाराकडे बघत होतो.

"रायरे तयार दिसतात!" राव आडनावाच्या माणसाला म्हैसुरात रायरे म्हणतात.

"मी?"

"रिटायर झालात. वेळ आहे. वाचनही दांडगं."

"पाणी प्यायला वाचन कशाला लागतं?"

"बघा! कसं मुद्द्याचं बोलतात!"

टाळ्या पडल्या. मागच्या यजमानांचं डोकं मोठं, त्यामुळे त्यांचा पेटा माझ्या डोक्यावरून थेट चष्म्यावर येऊन टेकला. समोरचं काही दिसेना.

"बसेल हळूहळू," तुकोजीराव म्हणाले.

"पेटा की मी?"

"ते युगादीला बघू!"

घरी आलो. बायकोनं पेट्याकडे पाहिलं. "पिणार का?"

"पिणार. नाही प्यालो तर तुकोजीराव तिथे गाड्या लावतील."

"मग आतापासून साफसफाईला लागा. दवाखान्यात डबा घेऊन मी येणार नाही!"

* * *

पहिलं काम म्हणून काठावर बोर्ड लावला, 'कचरा टाकू नये'. दुसऱ्या दिवशी पाण्यात फुलं तरंगत होती. ही फुलं राधक्कांची. राधक्का म्हणजे कल्याणीच्या समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजीबाई. सगळ्या गल्लीची हजेरी त्यांच्या खिडकीत लागते.

"अक्का, बोर्ड वाचलात ना?"

"वाचला की. देवाची फुलं म्हणजे कचरा काय? बोला, यजमान!"

मी बोर्डावर 'फुलेही' असं वाढवलं. दुसऱ्या दिवशी बेलपत्रं आली. 'बेलपत्रेही' लिहिलं. मग दूर्वा आल्या, मग नारळाच्या शेंड्या, मग अक्षता. मीही कारकून, एकेक शब्द वाढवत गेलो. एक दिवस एक गृहस्थ स्कूटर थांबवून बोर्ड वाचत बसले आणि मला म्हणाले, "पूजेचा सगळा सेट केवढ्याला? आणि दुकान उघडतं कधी?"

मी बोर्ड उतरवला आणि जिना चढून राधक्कांकडे गेलो.

"अक्का, युगादीला ते पाणी मला प्यायचंय."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "खरंच पिणार? मागच्यांनी मिशाच भिजवल्या हां. मी वरून बघितलंय."

"मला मिशा नाहीत, अक्का."

हे त्यांना पटलं. त्या दिवसापासून फुलं तुळशीच्या कुंडीत जायला लागली, आणि कोणी काठावर नुसतं खाकरलं तरी खिडकीतून आरोळी यायची, "अय्यो! थुंकू नको रे! ते बघ, ते चष्मेवाले पिणारेत ते!"

लोक थुंकायचे थांबले. पण माझ्याकडे ज्या नजरेनं बघायला लागले, त्यापेक्षा थुंकलेलं बरं होतं.

* * *

गाळ उपसायला आम्ही एक रविवार ठरवला. व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. 'येणार', 'नक्की येणार', 'पूर्वजांच्या पाण्यासाठी येणारच'. रविवारी पूर्वजच जास्त संख्येनं आले असावेत. मला तरी दिसले नाहीत.

जे मोजके आले ते तरुण होते, उत्साही होते, हातमोजे घालून होते. एकीनं विचारलं, "अंकल, गाळ मीन्स?" मराठी त्यांच्या घरात आता आजीपुरतीच उरलीय. मी बोट दाखवलं. "ओ, मड!" म्हणत ती बिनधास्त उतरली. पोरगी कामाची निघाली.

तेवढ्यात पंचमंडळी अवतरली, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून. गाळानं भरलेलं पहिलं घमेलं वर आलं, तसं तुकोजीराव म्हणाले, "एक मिनिट, फोटो!" घमेलं त्यांच्या हातात गेलं. मग खजिनदारांच्या, मग माजी यजमानांच्या. मग सगळ्यांचा ग्रुप फोटो, त्यात घमेलं मध्यभागी, सत्कारमूर्तीसारखं! मग कॉफी आली.

कॉफी पिऊन मी विचारलं, "ते घमेलं कुठे रिकामं केलंत?"

"फोटो झाल्यावर जागेवर ठेवायला नको?" खजिनदार म्हणाले. "ओतलं परत आत!"

तरी त्या पोरांनी पुढचे कितीतरी रविवार येऊन गाळ काढला. पंच फोटोत होते, पोरं गाळात.

* * *

पाणी सुधारलं की नाही हे कसं कळायचं? रंगाऱ्यांची जुनी रीत आहे. पांढऱ्या कापडाची पट्टी रात्रभर पाण्यात बुडवायची आणि सावलीत वाळवायची. पट्टीवर जो रंग उरेल, तो पाण्याचा.

मला निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं पांढरं धोतर दिलं होतं. बायकोनं ते कपाटातून काढलं आणि कात्री लावली.

"अगं, सत्काराचं आहे ते!"

"नेसलात कधी?"

पहिली पट्टी शेवाळी निघाली. पुढची राखाडी. पुढे पुढे जवळजवळ पांढऱ्या यायला लागल्या आणि आम्ही दोघं दोरीसमोर उभं राहून, पोरांचा निकाल लागावा तसे खूश व्हायला लागलो. आणि एका सोमवारी पट्टी निघाली झेंडूसारखी पिवळी! इतकी सुंदर, की शेजारीण येऊन म्हणाली, "हा ब्लाउजपीस कुठे मिळाला हो?"

आदल्या दिवशी छत्रात लग्न होतं. मी पट्टी घेऊन तुकोजीरावांकडे गेलो.

"स्वयंपाकघराचा पाइप कल्याणीत सोडलाय का?"

"छे! बाहेरचे लोक काहीही टाकतात. हे आमचंच कशावरून?"

तेवढ्यात छत्राचे आचारी नंजुंडभट तिथून चालले होते. हे गृहस्थ आपल्या सांबाराला कोणी मीठ जास्त म्हटलं तर दोन दिवस बोलत नाहीत. ते थांबले. पट्टी हातात घेतली, नाकाशी नेली. डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"आमचंच!" ते अभिमानानं म्हणाले. "कालचं सांबार. एवढा हिंग म्हैसुरात दुसरं कोण घालतं, सांगा!"

तुकोजीरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या एखाद्या आचाऱ्यानं नोकरी सोडली असती. नंजुंडभटांना वाटलं, कौतुक चाललंय.

* * *

पाइप बंद करतो म्हणून तुकोजीरावांनी कबूल केलं, पण आधी लग्नसराई आडवी आली, मग प्लंबरचं लग्न आडवं आलं. युगादी जवळ आली तसे ते स्वतःच माझ्या घरी आले. हातात मैसूरपाकाचा डबा.

"रायरे, पाइप बंद झाला. देवाशप्पथ!"

"कुठल्या देवाची?" आतून बायकोनं विचारलं.

त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. "पण मी म्हणतो, या वयात हा त्रास कशाला? डॉक्टरचं सर्टिफिकेट मी आणतो. तुम्ही फक्त 'जमत नाही' म्हणा. कोणी काही बोलणार नाही. उलट पार्किंगमध्ये पहिली जागा तुमच्या गाडीची!"

"माझ्याकडे सायकल आहे."

"सायकल स्टँड करू!"

"आणि पूर्वजांनी काय म्हणायचं?"

"ते काय म्हणणार? त्यांच्याकडे गाड्या कुठे होत्या?"

खोटं कशाला सांगू, ते गेल्यावर मी जरा विचारात पडलो. कल्याणी म्हणजे शेवटी पाणीच. बरं, तुकोजीराव वाईट माणूस नाही; माझ्या आजारपणात रात्रभर बसले होते. बायको मैसूरपाकाचा तुकडा मोडत म्हणाली, "मग? जमत नाही म्हणणार?"

"तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार! माझं अख्खं धोतर गेलं यात."

धोतर माझं होतं, पण मुद्दा तिचा होता.

* * *

युगादीच्या सकाळी बायकोनं शेवटची पट्टी उजेडात धरली. उलटी केली, सुलटी केली.

"पांढरी आहे."

"अगदी?"

"धोतराइतकी. ते मुळातच जरा पिवळट होतं. कचेरीनं स्वस्तातलं घेतलं."

मी पेट्याच्या आत वर्तमानपत्राची घडी घातली आणि निघालो. कल्याणीच्या पायऱ्या भरून गेल्या होत्या. गाळवाली पोरं होती, इस्त्रीवाले पंच होते, राधक्का खिडकीत होत्या, नवी साडी नेसून. छत्रात सणाची पहिली पंगत उठली होती आणि मागच्या बाजूनं पातेली धुण्याचा आवाज येत होता. तुकोजीराव माझ्या मागेच उभे होते. ते पाण्याकडे बघत नव्हते, छत्राच्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

शेवटच्या पायरीवर मी वाकलो. घडी सरकली आणि पेटा डोळ्यांवर आला, त्यामुळे डोळे मिटायचे श्रम वाचले. ओंजळ भरली. तोंडाशी नेली. आणि प्यालो. सगळी.



"प्यायले!" वरून राधक्कांची आरोळी आली. "गळा हलला! मी बघितलं!"

मग टाळ्या, शिट्ट्या, पोरांचा गोंधळ. मी पेटा वर सारला तेव्हा बायको डोळ्यांना पदर लावत होती. ऊन डोळ्यांवर येत होतं, असं ती आजही सांगते. ते काहीही असो, निदान या वर्षी तरी कल्याणीत गाड्या लागणार नव्हत्या.

"पण पाणी कसं आहे, ते सांगा की!" राधक्कांना एवढ्यावर भागणार नव्हतं.

मी जीभ टाळूला लावली. काहीतरी ओळखीचं लागत होतं. पण सणाचा दिवस, एवढी माणसं, मागे तुकोजीराव. काय बोलणार?

"चांगलं आहे, अक्का," मी म्हणालो. "हिंग जरा कमी पडलाय."

सगळ्या पायऱ्या हसल्या. रायरे जुन्या पट्टीची चेष्टा करतायत, असं लोकांना वाटलं. तुकोजीरावही हसले, जरा मोठ्यानंच.

तेवढ्यात छत्राचं मागचं दार धाडकन उघडलं. नंजुंडभट बाहेर आले. हातात सांबाराचा मोठा डाव, चेहरा लालबुंद.

"साध्यवे इल्ला!" ते तिथूनच ओरडले. "शक्यच नाही, रायरे! आज हिंग मी माझ्या हातानं घातलाय!"